डाव्या अंगठ्याचं नख

हडपसरच्या मैत्री ओव्हाळनं अमेरिका पाहिलेली नाही. विमानात बसायचा योगही अजून आलेला नाही. पण अमेरिकेतल्या माणसांच्या अंगठ्यांना काय काय होतं, हे तिच्याइतकं खडान्‌खडा सांगणारं माणूस सबंध पुण्यात सापडायचं नाही. टेक्सासात कुणाचा अंगठा गाडीच्या दारात सापडला, ओहायोतल्या कुठल्या आजीबाईंनी भोपळा चिरताना नखासकट अंगठा चिरला, कुणाला घरचंच मांजर चावलं, कुणी खिळा सोडून अंगठाच ठोकला, सगळी बातमी हडपसरला.

"म्हणजे तू नर्स का गं?" असं मामानं एकदा भर साखरपुड्यात विचारलं होतं. साखरपुडा मामेबहिणीचा होता, पण चौकशी मैत्रीची चालली होती, जशी ती अशा ठिकाणी चालते. तर नर्स नव्हे. तिकडे माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर त्याचं सगळं लिहून ठेवतो. ते लिखाण इकडे येतं. त्यातली प्रत्येक जखम, प्रत्येक आजार ठरलेल्या अक्षराआकड्यांत बसवायचा, म्हणजे मग तिकडची विमा कंपनी पुढचं बघते. याला म्हणतात मेडिकल कोडिंग, आणि ते करणारा तो कोडर. मैत्री वाघोलीच्या कॉलेजातून बी.फार्म. झाली आणि औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहण्यापेक्षा हे बरं म्हणून यात शिरली. शिरली आणि रमली. सुरुवातीला डोकं, गुडघे, पोटदुखी असं सगळंच तिच्याकडे यायचं. पण हाताच्या जखमांत ती कधी चुकायचीच नाही, आणि त्यातही अंगठ्यांत. मग टीम लीडर राकेशनं अंगठे सरळ तिच्या नावावर करून टाकले. ऑफिसात तिला 'अंगठाताई' म्हणायला लागले. तिला त्याचा राग यायचा नाही. उलट जरा बरंच वाटायचं.

"अंगठा म्हणजे साधं प्रकरण नाही हं," ती नव्या पोरापोरींना सांगायची. "उजवा की डावा, हे आधी. मग नख. नखाला धक्का लागलाय की नख शाबूत आहे? कापलंय, टोचलंय की चावलंय? आत काही अडकलंय का, काच, सल, माती? आणि माणूस पहिल्यांदा आलाय, बरा होताना आलाय, की बरा होऊन मागे काही खूण राहिली म्हणून आलाय?" प्रत्येक उत्तराला कोडमध्ये आपली एक जागा असते. नखाची जागा चुकली की पुढचं सगळं मुसळ केरात.

या सगळ्यावर एक नियम होता, आणि तो मैत्रीच्या हाडीमाशी खिळला होता: लिहिलं नाही ते झालं नाही. डॉक्टरनं लिहिलं की अंगठा दारात चेंगरला, रक्त साकळलं, टाके घातले, पण नखाबद्दल चकार शब्द काढला नाही, तर कोडरच्या लेखी नख ठणठणीत. मनात कितीही येऊ दे. ताप आहे, खोकला आहे, छातीच्या फोटोत डाग आहे, म्हणून कोडरनं न्यूमोनिया ठरवायचा नसतो. तो शब्द डॉक्टरकडूनच यावा लागतो. फार तर डॉक्टरला विचारायचं, आणि विचारण्यातही पथ्य. 'नखाला इजा झाली आहे ना?' असं विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर बसलेलं असतं. अशा प्रश्नाला म्हणतात लीडिंग क्वेरी. ती करणं म्हणजे त्यांच्या धंद्यातलं मोठं पाप. विचारायचं ते असं: 'नखाच्या स्थितीबाबत कृपया खुलासा करावा.' मग डॉक्टर आपल्या मर्जीनं आणि सवडीनं खुलासा करणार, केला तर.

ही पापं पकडायला एक ऑडिटर होता. समाधान शेजवळ. तो वाघोलीचा, उंच, चालताना जरा वाकून चालणारा, आवाज कधी न चढवणारा. लोकांच्या चुका काढायच्या हेच काम असूनही ज्याला ऑफिसात कुणी शिव्या देत नाही असा तो एकटाच ऑडिटर असावा. मैत्रीच्या कामावर तो 'बरोबर' एवढाच शेरा मारायचा. आणि तो शेरा वाचायला ती रोज पाच-दहा मिनिटं लवकर यायची, हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

अख्ख्या ऑफिसात अरे-तुरे चालायचं. हे दोघं मात्र एकमेकांना अहो-जाहो. जेवायला समाधान बरोबर तिच्या समोरच्या खुर्चीवर. डब्यातली शेंगदाण्याची चटणी न चुकता तिच्या झाकणात. संध्याकाळी त्याची स्कूटर स्टँडवरून काढलेली असायची, हेल्मेट डोक्यावर असायचं, तरी मैत्रीची बस दिसेपर्यंत तो तिथेच टायरमधली हवा बघत उभा. तीन वर्षं ती हवा काही कमी झाली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. शिपायापासून राकेशपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते या दोघांनाच. म्हणजे कळलं होतं हो, पण नोंदवलेलं नव्हतं.

"अगं, त्याला तू आवडतेस हे आंधळ्यालासुद्धा दिसेल," मैत्रीची आई राधाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

"त्यांनी तसं म्हटलेलं नाही, आई."

"चटणी कोण आणतं रोज?"

"चटणी हे लक्षण झालं. निदान नाही."

राधाबाई लाटणं हातात घेऊन मागे वळायची आणि नवऱ्याकडे बघायची. रामदास ओव्हाळ हे बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

या रामदासबाबांच्या उजव्या अंगठ्याची गोष्ट सांगायला हवी. मैत्रीच्या जन्माआधी कधीतरी तो इंजिनाच्या झाकणाखाली सापडला होता. नख गेलं, आणि नवं आलं ते मधोमध खाच घेऊन, दोन पाकळ्यांचं. लहानपणी गाडीतळाचा चौक ओलांडताना मैत्री बाबांचा हात धरायची नाही, नेमका तो अंगठा धरायची. त्या खाचेवरून बोट फिरवत रस्ता पार व्हायचा. तिच्या लेखी सगळ्यांच्या बाबांचे अंगठे असेच असायचे. पुढे नोकरी लागली तेव्हा बाबा सगळ्या गल्लीला सांगत सुटले, "माझी आई गोदाबाई जन्मभर अंगठा उठवत आली. आता तिची नात सातासमुद्रापलीकडचे अंगठे वाचती!" आणि सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपला अंगठा कसा फाटला, याबद्दल मात्र त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मैत्रीनंही कधी काही विचारलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एके दिवशी जेवताना समाधाननं चटणी तिच्या झाकणात वाढली आणि म्हणाला, "मला चेन्नईला बोलावलंय. तिथल्या सगळ्या ऑडिटचं बघायला. सोमवारपर्यंत कळवायचंय."

मैत्रीनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"त्याबाबत तुमचं काय मत आहे?" त्यानं विचारलं.

बघा, प्रश्न कसा नियमात बसणारा होता. पोटात काही नाही, हेतू नाही, सूचना नाही. परीक्षेत नमुना म्हणून लावावा असा. मैत्रीच्या घशाशी 'जाऊ नका' आलं होतं. पण त्यानं तसं विचारलं नव्हतं. आणि तो राहावा असं आपण कुठल्या हक्कानं म्हणायचं, याची तर कुठेच नोंद नव्हती.

"चांगली संधी आहे," ती म्हणाली. "निर्णय तुमचाच."

"हं," तो म्हणाला, आणि त्यानं डबा बंद केला. चटणी अर्धी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मैत्री रडली. आईला कारण कांदा सांगितलं. आईनं पातेल्यात पाहिलं, पातेल्यात दुधी होता. आणि ती नुसती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आता हा राकेश. त्याला पार्टीसाठी निमित्त पुरतं. समाधाननं चेन्नईला होकार कळवलेला नव्हता, तरी याचं शुक्रवारी दुपारीच ठरलं, अभिनंदन! गेटवरच्या शहाळेवाल्याकडून त्यानं शहाळी उचलली आणि त्यालाच मस्का लावून कोयताही मागून घेतला. कोयता घेऊन आत सोडायला सिक्युरिटीवाला तयार होईना. कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांमुळे हल्ली पुण्यात कोयत्याचं नाव बरं नाही, तेव्हा त्याचंही बरोबर होतं. मग कार्यक्रम पार्किंगमध्ये झाला.

राकेशच्या हातात कोयता शोभेना. तेव्हा समाधान बाह्या सरसावून पुढे आला. "दे इकडे. वाघोलीचा आहे मी. वाघोलीत बिल्डिंगा नव्हत्या तेव्हापासूनचा."

एक शहाळं झकास सुटलं. दुसरंही सुटलं. तिसऱ्याच्या वेळी पाणी कोण पितंय हे बघायला त्यानं मान वर केली. पाणी पीत होती मैत्री. कोयता घसरला आणि शहाळं धरलेल्या डाव्या अंगठ्यावर, नखाच्या बरोबर मधोमध आला.

दुसरं कुठलंही ऑफिस असतं तर कुणी किंचाळलं असतं, कुणी पाणी आणलं असतं. इथे सगळे कोडर. जखमा वाचण्यात हयात गेली, पण खरी जखम बघायची बहुतेकांची ही पहिलीच वेळ. सगळे गोल करून वाकले.

"लॅसरेशन!"

"अव्हल्शन वाटतंय मला."

"नख गेलं, नख गेलं! विथ डॅमेज!"

"आत शहाळ्याची शेंडी अडकलीये बघ. फॉरेन बॉडी!"

"एस सिक्स्टीवन पॉइंट वन टू टू, ए!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि दोघातिघांनी 'करेक्ट' म्हणून मान डोलावली. खरोखरच करेक्ट होतं. फक्त अंगठ्याला फडकं गुंडाळायचं कुणाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

खुद्द समाधान पांढराफटक पडला होता. तो रक्ताकडे बघत म्हणाला, "शेंडी फॉरेन बॉडीत धरायची का, हा मुद्दा तपासावा लागेल."

मैत्रीच्या हातातलं शहाळं खाली पडलं. हजारो अंगठे तिनं वाचले होते, पण वाचलेल्या अंगठ्यातून रक्त येत नाही. हा अंगठा रोज तिच्या झाकणात चटणी वाढणाऱ्या हाताचा होता. तिला असा काही राग आला, स्वतःचा, राकेशचा, सगळ्या नियमांचा, की तिनं ओढणी खसकन ओढली आणि त्या अंगठ्यावर घट्ट दाबून धरली.

"हात वर धरा! अजून वर!" ती समाधानला म्हणाली, आणि बाकीच्यांवर ओरडली, "कोड काय सांगताय, रिक्षा बघा!"

गाडीतळाजवळ एक छोटा दवाखाना होता, तिथे पोचले. काउंटरवर स्वराली नावाची मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिनं पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला.

"सोबत कोण?"

"मी. मैत्री ओव्हाळ."

"नातं?"

मैत्रीनं समाधानकडे पाहिलं. समाधाननं छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, तो फिरत होता.

"नातं काय लिहू, मॅडम?"

"त्याबाबत अजून स्पष्टता नाही," मैत्री म्हणाली.

स्वरालीनं मान वर केली. "बायको, बहीण, मैत्रीण, काहीतरी एक सांगा ना. मागे लाईन लागलीये."

"माझ्याकडूनही तशी नोंद झालेली नाही," समाधान हात वर धरूनच म्हणाला.

"बरं. मी 'इतर' टाकते," स्वराली म्हणाली, आणि तिनं टाकलं.

तो शब्द मैत्रीला कुठेतरी खोल लागला. तिच्या कामात एक फरक नव्या पोरांना कधीच लवकर कळायचा नाही, आणि ती तो पुन्हा पुन्हा समजावायची. 'अनिर्दिष्ट' म्हणजे काही माहितीच नाही. 'इतर' म्हणजे माहिती आहे, चांगली पक्की आहे, फक्त तिच्यासाठी वेगळा खाना नाही. बाकावर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं की ही पोर नकळत अगदी खरं लिहून गेली. माहिती होती. तीन वर्षं होती. खाना मात्र या दोघांपैकी कुणीतरी तयार करायला हवा होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नाव तेजस्विनी घारे. त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी भुलीची सुई दिली, फाटलेल्या नखाचे तुकडे चिमट्यानं उचलून काढले, शहाळ्याच्या शेंड्या एकेक करून धुऊन काढल्या, आणि टाके घालायला घेतले. घालता घालता त्या मदतनीसाला सांगू लागल्या, "लिहा. अंगठ्याला जखम. टाके."

"डावा!" मैत्री आणि समाधान एकदम म्हणाले.

"नखासकट," मैत्री म्हणाली.

"आणि आत शेंडी होती," समाधान म्हणाला.

घारेबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "डॉक्टर आहात का दोघं?"

"नाही. कोडर."

"मग असू द्या. अंगठा डावा आहे हे मला दिसतंय. मी त्याच्याच समोर बसलेय." तरीही त्यांनी मदतनीसाकडून सगळं नीट लिहून घेतलं, डावा, नख, शेंडी, आणि मग कुतूहलानं विचारलं, "तुमच्याकडे डॉक्टरनं नीट नाही लिहिलं तर काय करता?"

"विचारतो. पण उत्तर सुचवायचं नसतं," मैत्री म्हणाली. "नखाला लागलंय ना, असं विचारता येत नाही."

"का बरं?"

"समोरचा नुसतं हो म्हणून टाकेल म्हणून."

"मी गेली पंचवीस वर्षं रोज विचारते, दुखतंय ना? दुखत असेल तो हो म्हणतो, नसेल तो नाही म्हणतो." घारेबाईंनी दोरा ओढला. "विचारणारीनं मनापासून विचारलं की माणूस खोटं हो म्हणत नाही. कागदांचं मला माहीत नाही. हलू नका."

त्या पुन्हा टाक्यांकडे वळल्या. समाधानचा उजवा हात मैत्रीच्या हातात होता, आधाराला म्हणून दिलेला. तो हात गार पडला होता. सोमवार आला की हा माणूस 'हो' कळवणार, स्कूटर विकणार, आणि आपल्याला बस येईपर्यंत एकटीनं उभं राहावं लागणार, हे तिला लख्ख दिसलं.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला चेन्नईला जायचं नाहीये ना?"

समाधाननं तिच्याकडे पाहिलं. अंगठा विसरून पाहिलं.

"ही लीडिंग क्वेरी आहे," तो हळूच म्हणाला.

"आहे."

"उत्तर पोटातच आहे."

"आहेच. आणि दुसरी पण विचारते. तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय ना?"

घारेबाईंची सुई थांबली. मदतनीस तर ट्रे हातात घेऊन पुतळाच झाला.

"अंगठा हलवायचा नाही," घारेबाई म्हणाल्या. "उत्तर द्यायचं."

"हो," समाधान म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "जायचं नाहीये, आणि करायचंय. पहिल्या वर्षापासून करायचंय. पण तुम्ही कधी तसं काही म्हणाला नाहीत, आणि मी गृहीत कसं धरणार?"

"मी पण तेच म्हणत बसले हो! चटणीवरून कसं ठरवायचं?"

"चटणी आई फक्त माझ्यापुरती द्यायची. मी दुप्पट मागून घ्यायचो."

मैत्री हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. समाधानचं उलट झालं. घारेबाईंनी शेवटची गाठ मारली, दोरा कापला आणि म्हणाल्या, "एवढं शिकलं की असं होतं होय. बरं झालं, मी फक्त डॉक्टर झाले. ड्रेसिंगला मंगळवारी या. दोघं या."

बाहेर येताना मैत्री काउंटरपाशी थांबली. "अहो ताई, ते 'इतर' लिहिलंय ना मघाशी, ते बदलता येईल का?"

"काय करू?" स्वरालीनं विचारलं.

"होणारी बायको."

स्वरालीनं यादी वरखाली केली. "असा ऑप्शन नाहीये. बायको टाकू?"

"अजून झालेली नाही," मैत्री म्हणाली. एवढ्या आनंदातसुद्धा तिच्या तोंडून खोटी नोंद निघेना.

"मग मॅडम, 'इतर'च बरोबर आहे."

"बरोबर," समाधान म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शेरा मैत्रीनं त्याच्या तोंडून ऐकला.

सोमवारी चेन्नईला नकार गेला. राकेशनं पुन्हा पार्टी काढली, पण या खेपेला भेळ, आणि कांदा घरून चिरून आणायचा असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. राधाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "निदान झालं म्हणायचं एकदाचं," आणि देवळातल्या घंटेसारख्या ठणठणीत आवाजात शेजारणीला हाक मारायला धावली. रामदासबाबांनी टीव्ही बंद केला. त्यांच्या घरात टीव्ही दिवसाउजेडी बंद होणं ही केवढी मोठी गोष्ट, हे फक्त घरच्यांना माहीत.

नख मात्र घाईत नव्हतं. अंगठ्याचं नख पूर्ण यायला सहा-आठ महिने लागतात. मैत्री रोज जेवताना तो अंगठा हातात घेऊन बघायची. आता तिला तसा हक्क होता. बुडाशी आधी चंद्रकोर दिसली, मग ती पुढे सरकत गेली. नख आलं ते मधोमध एक रेघ घेऊन. घारेबाई म्हणाल्या, ही रेघ आता जायची नाही. समाधान म्हणाला, राहू दे, मागे राहिलेल्या खुणेलाही कोडमध्ये जागा असते.

नख टोकापर्यंत आलं, तोवर लग्न ठरलं. रविवारी बुद्धविहारात, पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणून आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रतिज्ञा घेऊन ते झालं. मोठ्यानं म्हणायच्या प्रतिज्ञा या दोघांनी इतक्या खणखणीत म्हटल्या की मागे चहा वाटणाऱ्यांनाही ऐकू गेल्या. मग सोमवारी नोंदणी कार्यालय. टेबलामागच्या साहेबांनी कागद पाहिले, चेहरे पाहिले आणि कंटाळलेल्या आवाजात रोजचा प्रश्न विचारला, "दोघंही स्वखुशीनं लग्न करताय ना?"

समाधान मैत्रीच्या कानाशी कुजबुजला, "लीडिंग आहे."

"हो!" मैत्री एवढ्या मोठ्यानं म्हणाली की साहेबांचा कंटाळा गेला.

"नवरदेव, डावा अंगठा." यंत्राच्या काचेवर समाधाननं अंगठा ठेवला. पहिल्यांदा उमटेना. रुमालानं पुसून दुसऱ्यांदा ठेवला, तेव्हा हिरवा दिवा लागला. मग मैत्रीचा. मग साक्षीदार म्हणून रामदासबाबा पुढे आले. त्यांनी आपला अंगठा काचेवर ठेवायच्या आधी जावयाचा डावा अंगठा हातात घेतला, आणि त्या रेघेवरून बोट फिरवत विचारलं, "थंडीत ठणकतंय ना रे?"

"ठणकतं, बाबा," समाधान म्हणाला. "थोडं."

"माझंबी ठणकतंय," बाबा सहज म्हणाले. "हिवाळ्यात जास्ती. हाय तसं."

जगभरचे अंगठे वाचणाऱ्या मैत्रीला घरातला हा अंगठा ठणकतो हे आज कळत होतं. बाबांनी कधी म्हटलं नाही म्हणून तिच्या लेखी तो दुखतच नव्हता. एवढी वर्षं तो अंगठा धरून तिनं चौक ओलांडले, आणि एवढं साधं विचारलं नाही.

तिनं पुढे होऊन बाबांचा अंगठा मुठीत धरला, लहानपणी धरायची तसा. खाच अजून तिथेच होती.

"बाबा, आत्ताही दुखतोय ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मागे लाईन लागली होती, साहेब घड्याळ बघत होते, राकेश फोटोसाठी सगळ्यांना सरका म्हणत होता.

"आज नाही," बाबा म्हणाले, आणि अंगठा सोडवून न घेता त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.